सोने गेले, कागद राहिले : सेव्हिलच्या वास्तूंची अपरिचित कहाणी

दक्षिण स्पेनमधील सेव्हिल या शहरात पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशाला सर्वप्रथम एक कोडे भेटते. रस्त्यातील गटारांची लोखंडी झाकणे, टॅक्सींचे दरवाजे, नगरपालिकेच्या बसगाड्या, जेथे पाहावे तेथे एकच चिन्ह दिसते. डावीकडे ‘नो’, उजवीकडे ‘दो’ आणि मध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळलेली सुताची लड. लडीला स्पॅनिश भाषेत ‘मादेहा’ म्हणतात. तिन्ही पदे एका दमात उच्चारली की ‘नो मादेहादो’ असे ऐकू येते आणि त्यातून ‘नो मे आ देहादो’, म्हणजे ‘हिने माझी साथ सोडली नाही’, या वाक्याचा भास होतो. राजा दहावा आल्फोन्सो याच्याविरुद्ध त्याचाच पुत्र सांचो उभा राहिला. राज्यातील एकेक शहर मुलाला जाऊन मिळाले. सेव्हिल मात्र वृद्ध राजाच्या पाठीशी राहिले. १२८४ साली याच नगरीत देह ठेवण्यापूर्वी राजाने कृतज्ञतेने हे बोधचिन्ह नगरीला बहाल केले, अशी आख्यायिका आहे. सेव्हिलने राजाला आधार दिला हा इतिहास होय. चिन्ह त्यानेच दिले याला मात्र त्याच्या काळातील पुरावा मिळत नाही.

सेव्हिलच्या बहुतेक वास्तूंची कथा अशीच दुपदरी आहे. वरच्या पदरावर लोकांनी आवडीने विणलेली गोष्ट असते आणि खालच्या पदरात नोंदवहीतील कोरडी ओळ. ज्या नगरीतून शतकाहून अधिक काळ एका खंडाचे सोने-चांदी वाहत गेले, त्या नगरीत या दोन पदरांची गाठ कोठे बसते आणि कोठे सुटते, हे पाहणे मोठे मनोरंजक ठरते.

सोन्याविना ‘सोन्याचा बुरूज’

ग्वादलकिव्हिर नदीच्या काठी ‘तोरे देल ओरो’, अर्थात सोन्याचा बुरूज, उभा आहे. नदीचे नावही मूळचे अरबी, ‘अल् वादी अल् कबीर’, म्हणजे मोठी नदी. समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटर आत असूनही या नदीमुळे सेव्हिल बंदर झाले. अमेरिकेतून आलेले सोने या बुरुजात साठवीत असत म्हणून त्याला हे नाव पडले, असे पर्यटकांना हौसेने सांगितले जाते. साध्या तारखांची वजाबाकी केली की ही कथा टिकत नाही. बारा कोनांचा हा बुरूज अल्मोहाद मुस्लिम राजवटीत १२२०-२१ मध्ये बांधला गेला. कोलंबसाची पहिली सफर १४९२ ची. बुरुजाचे सोनेरी नाव तर अमेरिकेचे सोने येण्यापूर्वी कितीतरी आधीपासून रूढ होते.

मग नाव कशाचे? बुरुजावर सोनेरी मुलामा दिलेल्या फरशा बसविलेल्या असाव्यात आणि सूर्यप्रकाशात त्यांचे प्रतिबिंब नदीत पडत असावे, असे दीर्घकाळ मानले जाई. २००५ च्या दुरुस्तीत असे दिसले की ही झळाळी चुना आणि गवताच्या काड्या यांच्या गिलाव्याची होती. सोन्याच्या बुरुजाचे सोने म्हणजे चुना आणि गवत! सेव्हिलच्या पुढील इतिहासाला इतकी समर्पक प्रस्तावना एखाद्या कादंबरीकारालाही सुचली नसती.

या बुरुजाचे खरे काम पहाऱ्याचे होते. येथून पैलतीरापर्यंत जाड साखळी ताणून नदीची वाट अडविली जाई, असे परंपरा सांगते. १२४७-४८ मध्ये राजा तिसरा फर्नांडो याने शहराला वेढा घातला तेव्हा रामोन बोनिफास याच्या जहाजांनी वेगाने येऊन नदीवरील होड्यांचा पूल तोडला. पलीकडच्या त्रियाना वस्तीतून येणारी रसद थांबली आणि २३ नोव्हेंबर १२४८ रोजी नगर शरण आले. लोककथेत पूल विसरला गेला आणि तुटलेली साखळी तेवढी राहिली. बुरूज पुढे तुरुंग झाला, दारूगोळ्याचे कोठार झाला, बंदराची कचेरी झाला. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपात त्याला तडे गेले. १७६० मध्ये दुरुस्ती करताना त्यावर गोल मनोरा चढविण्यात आला. १९४४ पासून तेथे नौकानयनाचे संग्रहालय आहे.

घोड्यावरून चढायचा मनोरा

शहरातील कोठूनही नजरेत भरणारा ‘हिराल्दा’ हा मनोरा त्याहून जुना. ११८४ ते ११९८ या काळात तो मशिदीचा मिनार म्हणून उभा राहिला. मोरोक्कोतील मराकेशचा कुतुबिया मिनार आणि राबातचा हसन मनोरा ही त्याची सख्खी भावंडे. मनोऱ्याला पायऱ्या नाहीत. आत चढणीचे पस्तीस टप्पे वळणे घेत वर जातात. अजान देणाऱ्यास दिवसातून पाच वेळा घोड्यावरून वर जाता यावे म्हणून ही योजना होती, असे सांगतात. पायथ्याशी निरखून पाहणाऱ्यास लॅटिन अक्षरे कोरलेले दगड दिसतात. मुस्लिम कारागिरांनी रोमन काळातील दगड पायात बसविले. त्यांपैकी एका दगडावर सेक्स्तुस यूलियुस पोसेसोर नावाच्या रोमन अधिकाऱ्याचा गौरव कोरलेला आहे. येथून रोमला जाणाऱ्या ऑलिव्ह तेलाच्या वाहतुकीशी त्याचा संबंध होता, आणि तो दगड उभारला होता नदीवरील नावाड्यांच्या संघाने. नगरीचा व्यापार किती जुना आहे याची ही पावतीच म्हणायची.

शहर ताब्यात देण्यापूर्वी मिनार पाडून टाकण्याची परवानगी पराभूतांनी मागितली. तेव्हा राजपुत्र आल्फोन्सो म्हणाला की एक वीट जरी हलली तरी सर्वांची गर्दन मारली जाईल. ही कथा मनोऱ्याच्या सौंदर्याविषयी जितके सांगते तितकेच जिंकणाऱ्यांच्या अभिमानाविषयीही सांगते. सोळाव्या शतकात एर्नान रुइस या वास्तुशिल्पकाराने मिनाराच्या माथ्यावर घंटाघर चढविले आणि १५६८ मध्ये शिखरावर एका स्त्रीचा कांस्य पुतळा बसविण्यात आला. ती वाऱ्याबरोबर फिरते. ‘हिरार’ म्हणजे फिरणे, त्यावरूनच मनोऱ्याला हे नाव मिळाले. भूकंपांत मनोरा टिकला तो हुस्ता आणि रूफिना या दोन संत भगिनींनी दोन्ही बाजूंनी धरून ठेवल्यामुळे, अशी सेव्हिलकरांची श्रद्धा. या दोघी तिसऱ्या शतकातील, मातीची भांडी विकणाऱ्या साध्या स्त्रिया. चित्रकार मुरियो याने त्यांना हातात चिमुकला हिराल्दा घेऊन उभे केले आहे, पायांशी मडकी ठेवली आहेत.

मशिदीच्या जागी १४०१ मध्ये नवे कॅथेड्रल बांधण्याचे ठरले. ते इतके भव्य असावे की पाहणाऱ्यांनी आपल्याला वेडे समजावे, असे धर्ममंडळातील कोणी म्हटल्याची दंतकथा आहे. बांधकामाला शतक लागले आणि जगातील सर्वांत मोठे गॉथिक कॅथेड्रल उभे राहिले. मशिदीचे संत्र्यांच्या झाडांचे अंगण मात्र कायम राहिले. तेथून आत जाताना छताला एक मगर टांगलेली दिसते. १२६० च्या सुमारास इजिप्तच्या सुलतानाचे दूतमंडळ नजराणे घेऊन दहाव्या आल्फोन्सोच्या दरबारी आले होते. त्याने राजकन्या बेरेंगेला हिचा हात मागितला, नजराण्यात एक मगर होती आणि राजाने मगर ठेवून घेतली, मुलगी दिली नाही, अशी कथा सांगतात. मूळ मगर कुजून गेली. आज लटकते आहे ती लाकडी प्रतिकृती.

पायऱ्यांवरचा बाजार

या कॅथेड्रलभोवती रुंद पायऱ्या आहेत आणि त्यांच्या कडेने खांब रोवून साखळ्या बांधलेल्या आहेत. फोटो काढणारे पर्यटक त्या साखळ्यांना टेकून उभे राहतात. एके काळी या पायऱ्या म्हणजेच सेव्हिलचा शेअर बाजार, सराफ कट्टा आणि हुंडीबाजार होता. अमेरिकेत जाणाऱ्या जहाजांत भाग घेणे, विमा उतरविणे, विनिमयपत्रे खरेदी करणे हे सारे व्यवहार उघड्यावर चालत. पाऊस आला की व्यापारी मंडळी थेट देवळात शिरत. जनावरेही आत येत आणि प्रार्थनेच्या आवाजात भावतोल मिसळे. साखळ्यांच्या आत धर्मसंस्थेचा अधिकार चाले. सरकारी शिपायाला आत येऊन कोणाला पकडता येत नसे, ही सोय देणेकऱ्यांना ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?

आर्चबिशपने राजा दुसरा फिलिप याच्याकडे तक्रार केली. १५७२ साली व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र इमारत बांधण्याचे ठरले आणि तिचा आराखडा एस्कोरियालच्या राजप्रासादाचा वास्तुशिल्पकार हुआन दे एरेरा याने केला. कॅथेड्रलच्या शेजारी उभ्या राहिलेल्या या ‘लोंखा’मध्ये १४ ऑगस्ट १५९८ रोजी व्यवहार सुरू झाल्याचे दारावरील शिलालेख सांगतो. बाहेर एक क्रूस आहे, त्याला ‘शपथेचा क्रूस’ म्हणतात. सौदा पक्का करताना व्यापारी त्यासमोर शपथ घेत. लेखी कराराची वाण नसलेल्या त्या काळातही तोंडच्या शब्दाला साक्षीदार लागत असे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

राजाचे मस्तक

पैशाच्या गोष्टीकडे वळण्यापूर्वी न्यायाची एक गोष्ट. जुन्या वस्तीत ‘राजा दोन पेद्रोचे मस्तक’ या नावाची गल्ली आहे आणि तिला लागूनच ‘कांदीलेहो’, म्हणजे दिव्याची गल्ली. चौदाव्या शतकातील राजा पेद्रो याला कोणी क्रूर म्हणे, कोणी न्यायी. एका रात्री एकटा हिंडत असता त्याने एका सरदाराला द्वंद्वात ठार केले. आवाज ऐकून एका म्हातारीने दिवा घेऊन खिडकी उघडली. तिला चेहरा दिसला नाही. परंतु चालताना राजाच्या गुडघ्यांचा कटकट आवाज होत असे, तो तिने ओळखला. दुसऱ्या दिवशी राजाने जाहीर केले की खुन्याचे मस्तक त्या जागी टांगले जाईल. म्हातारीने खाजगीत नाव सांगितले. राजाने शब्द पाळला. खिळे ठोकून बंद केलेली लाकडी पेटी तेथे लावली गेली. त्याच्या मृत्यूनंतर ती उघडली तेव्हा आत राजाच्याच चेहऱ्याची मूर्ती निघाली! आजही त्या गल्लीत भिंतीच्या कोनाड्यात राजाचा अर्धपुतळा आहे. याच पेद्रोने १३६४ पासून आल्काझार राजवाड्यात बांधलेल्या महालाच्या भिंतींवर अरबी लिपीत ‘सुलतान दोन पेद्रो’ याचा जयजयकार कोरलेला आहे. ख्रिस्ती राजाने मुस्लिम कारागिरांकडून आपली स्तुती अरबीत लिहवून घ्यावी, हा इतिहास त्या दंतकथेहून कमी विस्मयकारक नाही.

तीन किल्ल्यांची पेटी

त्याच आल्काझारच्या एका भागात १५०३ साली राणी इसाबेलाच्या आज्ञेने ‘कासा दे कोन्त्रातासिओन’ हे व्यापारगृह स्थापन झाले. अमेरिकेशी होणारा सर्व व्यापार या एका कचेरीतून चाले. जहाजांना परवाने, खलाशांच्या परीक्षा, नकाशांची अधिकृत प्रत, तंटेबखेडे, सर्व काही येथेच. १५०८ मध्ये ज्याला प्रमुख नावाडी म्हणून नेमले तो अमेरिगो व्हेस्पुची, अर्थात ज्याच्या नावावरून अमेरिकेचे नाव पडले तोच.

बँकेत काम करणाऱ्यास या कचेरीची रीत ओळखीची वाटेल. खजिनदार, हिशेबनीस आणि कारभारी असे तीन अधिकारी होते. राजाचे सोने-चांदी ज्या पेटीत ठेवीत तिला तीन कुलपे असत आणि तिन्ही किल्ल्या तिघांकडे वेगवेगळ्या. तिघे एकत्र आल्याखेरीज पेटी उघडत नसे. शाखेतील स्ट्राँगरूम दोन किल्ल्यांनी, दोन अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत उघडताना ज्यांना घाईच्या वेळी त्रास वाटतो, त्यांनी या रीतीचे वय लक्षात घ्यावे. जहाजावरील प्रत्येक चांदीच्या विटेवर क्रमांक व शिक्के असत, तिचे वजन नोंदलेले असे आणि एक पंचमांश हिस्सा, ‘किंतो’, राजाचा म्हणून बाजूला निघे.

अर्ल हॅमिल्टन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात याच नोंदी तपासून हिशेब मांडला. १५०३ ते १६६० या काळात सुमारे १८० टन सोने आणि १६,००० टनांहून अधिक चांदी अधिकृतरीत्या सेव्हिलमध्ये उतरली. चोरवाटेने आलेला माल निराळा. पेटीला तीन कुलपे होती. परंतु राजाच्या गरजेला एकही नव्हते. युद्धे चालू असत, जर्मनी आणि जेनोआच्या सावकारांकडून पुढील जहाजांच्या भरवशावर कर्ज घेतलेले असे. ताफा बंदराला लागण्यापूर्वीच त्यातील राजाचा हिस्सा बहुतांशी खर्चून झालेला असे. कमी पडले की सम्राट पाचवा कार्लोस व्यापाऱ्यांची खाजगी चांदीही ताब्यात घेई आणि बदल्यात ‘हुरो’ नावाचे, वार्षिक व्याज देणारे सरकारी रोखे त्यांच्या हाती ठेवी. चांदी आणायला गेलेला माणूस कागद घेऊन घरी परते.

दुसऱ्या फिलिपने १५५७, १५७५ आणि १५९६ साली देणी थांबविली. इतिहासात याला दिवाळखोरी म्हटले जाते. आजच्या भाषेत ती बहुतांशी कर्जाची सक्तीची पुनर्रचना होती. अल्प मुदतीची, चढ्या व्याजाची कर्जे रद्द होऊन त्याऐवजी कमी व्याजाचे दीर्घ मुदतीचे रोखे दिले जात. सावकार चिडत, पुन्हा तडजोड होई, पुन्हा कर्ज मिळे.

सामान्य माणसाला त्याची झळ निराळ्या वाटेने पोहोचली. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून शंभर वर्षांत स्पेनमधील किमती सुमारे चौपट झाल्या. ज्या नगरीत सर्वाधिक चांदी, त्याच नगरीत तिची किंमत सर्वांत कमी, हे स्पेनमधील दोघा धर्मशास्त्र्यांनी अर्थशास्त्र हा शब्द रूढ होण्यापूर्वीच ओळखले होते. मार्तिन दे आस्पिल्कुएता याने १५५६ मध्ये लिहिले की पैसा जेथे दुर्मीळ तेथे तो अधिक मोलाचा. सेव्हिलच्या तोमास दे मेर्कादो या धर्मगुरूने १५६९ साली व्यापाऱ्यांच्या सदसद्विवेकासाठी ग्रंथ लिहिला. त्यात हुंडी, विनिमयाचा दर आणि पेढीवाल्यांचे व्यवहार यांचे बारकाईने वर्णन आहे. पापाची व्याख्या करता करता त्यांनी चलनवाढीची व्याख्या केली.

चांदी थांबली नाहीच. कापड, धान्य, मसाले यांच्या मोबदल्यात ती जेनोआ, अँटवर्प, लिस्बनकडे निघून गेली आणि पूर्वेकडे येत राहिली. स्पॅनिश ‘रेआल’ नाणी गोव्याच्या बाजारात खेळली आणि सुरतेच्या टांकसाळीत वितळून मोगल रुपये झाली.

एक बुडालेली पेढी आणि एक कैदी

सिएर्पेस या गजबजलेल्या रस्त्यावर सेव्हिलचा शाही तुरुंग होता. १५९४ मध्ये ग्रानादा भागातील थकलेला सारा वसूल करण्याच्या कामावर एका निवृत्त सैनिकाची नेमणूक झाली. वसूल केलेली रोकड रस्त्याने नेणे धोक्याचे, म्हणून त्याने ७,४०० रेआल सेव्हिलमधील सिमोन फ्रेइरे या पेढीवाल्याकडे भरले. ही रक्कम माद्रिदमध्ये मिळावी, असे ठरले होते. निर्णय शहाणपणाचाच होता. परंतु फ्रेइरेने दिवाळे काढले आणि तो नाहीसा झाला. सरकारने हिशेब मागितला. मोठा जामीन देणे त्या वसुलीदाराला शक्य झाले नाही आणि १५९७ मध्ये त्याला या तुरुंगात जावे लागले. त्याचे नाव मिगेल दे सर्व्हान्तेस. ‘डॉन क्विक्झोट’ची कल्पना तुरुंगात जन्मल्याचे तो त्या कादंबरीच्या प्रस्तावनेत सूचित करतो, आणि तो तुरुंग हाच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. तुरुंग कधीच पाडला गेला. काळाचा विनोद असा की त्या जागेवर पुढे बँकेचे कार्यालय आले.

मोडलेल्या नगरीतील हिशेब

१६४९ ची प्लेगची साथ सेव्हिलला फार महागात पडली. साठ हजारांच्या आसपास माणसे दगावल्याचा अंदाज आहे, म्हणजे जवळजवळ अर्धे शहर. नदीत गाळ साचत गेला, जहाजे मोठी होत गेली आणि १७१७ मध्ये व्यापारगृहच समुद्रकाठच्या कादिझ बंदरात हलविण्यात आले.

प्लेगनंतरच्या या उदास काळात धनिक व्यापाऱ्याचा मुलगा मिगेल मान्यारा याने सोन्याच्या बुरुजापासून काही पावलांवर अनाथ व मरणोन्मुख माणसांसाठी रुग्णालयाचे काम वाढविले. आपल्या थडग्यावर, जगात झालेल्या सर्वांत वाईट माणसाची राख येथे आहे, अशा अर्थाचे शब्द त्याने कोरविले. एवढ्यावरून, स्त्रियांना फसविणारा प्रसिद्ध ‘दोन हुआन’ म्हणजेच हा मान्यारा, अशी आख्यायिका पसरली. येथेही तारखांची वजाबाकी उपयोगी पडते. दोन हुआनला रंगभूमीवर आणणारे नाटक १६३० च्या सुमारास छापले गेले. मान्याराचा जन्म १६२७ चा. तीन वर्षांच्या बालकावर हा आरोप ठेवणे कठीणच आहे. या रुग्णालयाच्या चर्चसाठी मुरियोने काढलेल्या चित्रांपैकी चार चित्रे नेपोलियनचा सेनापती सूल्त याने १८१० मध्ये उचलून नेली. तेथे आता त्यांच्या प्रतिकृती आहेत.

कॅथेड्रलमध्ये कोलंबसाची समाधी आहे. चार राज्यांचे प्रतीक असलेले चार पुतळे खांद्यावर शवपेटी घेऊन उभे आहेत. पेटीतील ऐवज जेमतेम दीडशे ग्रॅम अस्थींचा. जिवंतपणी चार वेळा महासागर ओलांडलेल्या या माणसाला मेल्यावरही स्वस्थता नव्हती. व्हायादोलिद, सेव्हिल, सांतो दोमिंगो, हवाना आणि १८९९ मध्ये पुन्हा सेव्हिल असा त्याच्या अस्थींचा प्रवास झाला. १८७७ मध्ये सांतो दोमिंगोत कोलंबसाचे नाव असलेली शिशाची पेटी सापडल्याने वाद पेटला. डी.एन.ए. तपासणीनंतर २००६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी सेव्हिलमधील अस्थी त्याच्याच असल्याचे सांगितले. काही अंश सांतो दोमिंगोतही असू शकतो.

बापापेक्षा मुलगा एर्नान्दो निराळा. त्याने प्रदेश जिंकले नाहीत, पुस्तके गोळा केली. सुमारे पंधरा हजार. प्रत्येक पुस्तकावर ते कोठे, केव्हा, किती पैशांना घेतले आणि त्या दिवशी तेथील नाण्याचा स्पॅनिश नाण्याशी दर काय होता, हे तो लिहून ठेवी. त्यांपैकी चार हजारांच्या आसपास पुस्तके कॅथेड्रलच्या ग्रंथालयात उरली आहेत. त्याने करविलेली सारांशांची एक जाडजूड वही हरवली असे मानले जात होते. ती २०१९ मध्ये कोपनहेगनच्या एका हस्तलिखित संग्रहात ओळखली गेली.

रिकाम्या बाजाराचे दफ्तर

व्यापारी गेले तेव्हा लोंखाची देखणी इमारत ओस पडली. तिच्या काही भागांत भाडेकरू कुटुंबे राहू लागली. इकडे युरोपातील लेखक स्पेनच्या अमेरिकेतील कारभारावर ग्रंथ लिहीत होते. विल्यम रॉबर्टसनचा अमेरिकेचा इतिहास १७७७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याला उत्तर द्यायचे तर स्पेनचे स्वतःचे कागद निरनिराळ्या गावी विखुरलेले. राजा तिसरा कार्लोस याने १७८५ मध्ये भाडेकरूंना बाहेर काढून याच इमारतीत ‘आर्किव्हो दे इंदियास’ हे दफ्तरखाने स्थापन केले. तांबूस संगमरवराचा जिना आणि क्युबाहून आणलेल्या महोगनी लाकडाच्या मांडण्या करण्यात आल्या. सुमारे ४३,००० बस्ते, आठ कोटी पाने आणि नऊ किलोमीटर लांबीच्या मांडण्या, एवढा हा पसारा आहे. १९८७ मध्ये कॅथेड्रल आणि आल्काझार यांच्यासह या इमारतीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वाचकांसाठीचे दालन आता समोरच्या इमारतीत आहे.

या कागदांची किंमत काय, याचे एक उदाहरण फ्लोरिडाच्या समुद्रातून आले. सप्टेंबर १६२२ मध्ये ‘नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’ हे चांदीने भरलेले जहाज वादळात बुडाले. जहाजावरील २६५ पैकी पाचच माणसे वाचली. मेल फिशर हा खजिन्याचा शोधक वर्षानुवर्षे फ्लोरिडाच्या बेटमालिकेच्या वरच्या भागात, भलत्याच जागी, समुद्र ढवळीत होता. १९७० च्या सुमारास युजीन लायन हा इतिहासाचा विद्यार्थी निराळ्याच विषयाच्या अभ्यासासाठी सेव्हिलला आला. त्या काळातील स्पॅनिश कारकुनी लिपी मोडीप्रमाणेच हात न उचलता लिहिलेली, वाचायला अवघड, आणि पाने कीड लागून जाळीदार झालेली. आतोचाच्या बरोबरीने बुडालेल्या ‘सांता मार्गारिता’ या जहाजातील माल काढण्याचा मक्ता घेतलेल्या फ्रान्सिस्को नुन्येस मेलियान याच्या खर्चाच्या हिशेबात लायनला एका बेटाचे नाव दिसले : ‘कायोस देल मार्केस’. शोधकांची जागा शंभरांहून अधिक मैलांनी चुकली होती.

त्या बेटांजवळ शोध सुरू झाला. वाटेत फिशरने मुलगा आणि सून गमावली. १९७५ मध्ये शोधमोहिमेची बोट उलटली. २० जुलै १९८५ रोजी आतोचाचा मुख्य साठा सापडला. तळाशी चांदीच्या विटा भिंतीसारख्या रचून पडल्या होत्या. त्यांवरील क्रमांक आणि वजने सेव्हिलच्या दफ्तरात जपलेल्या मालाच्या यादीशी ताडून पाहण्यात आली, आणि १६२२ मध्ये कारकुनाने लिहिलेल्या आकड्यांशी ती जुळली.